भूगोलाचे उत्तर आणि पायाखालची जमीन

(बी. ए. द्वितीय वर्ष)

“भूगोल काय, एक रात्र वाचला की झाला!” हे वाक्य दहावीच्या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले असेल आणि बहुतेकांनी ते खरेही मानले असेल. गणिताला शिकवणी लागते, इंग्रजीची धास्ती असते, विज्ञानाला प्रयोगवही असते. भूगोलाला मात्र एक गाईड आणि एक रात्र पुरते, असा समज आपल्या भागात पक्का रुजला आहे. पुढे निकाल लागतो आणि चाळीसपैकी अठरा-वीस गुण हातात पडतात. मग आपण म्हणतो, “पेपर कडक तपासला.” तपासणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होतो, उत्तरात काय कमी होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. शालेय परीक्षेत भूगोलाचे चांगले उत्तर कशाला म्हणावे, ते कसे लिहावे आणि ते लिहिण्याची शक्ती अर्जुनी मोरगाव तालुक्यातील मुलामुलींच्या अंगी असूनही ती उत्तरपत्रिकेत का उतरत नाही, याविषयी मला जे वाटते ते येथे मांडीत आहे. वार्षिकांकाच्या मानाने विषय रूक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांचे पुढचे आयुष्य अशाच रूक्ष विषयांतील पाच-दहा गुणांवर ठरलेले आहे, हे विसरून चालणार नाही.

हे सांगण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी काही विदुषी नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. दोन एकर धानाची बांधी आहे. रोवणीच्या दिवसांत आई दुसऱ्याच्या बांधीतही मजुरीला जाते. गेली दोन वर्षे संध्याकाळी आमच्या ओसरीवर शेजारपाजारची पाच-सहा दहावीची मुले अभ्यासाला बसतात. त्यांच्या वह्या वाचता वाचता जी मते बनली, तीच या लेखात आहेत. ज्यांच्या घरी आई-वडील प्राध्यापक किंवा शिक्षक आहेत, त्यांना यात नवे काही सापडणार नाही कदाचित. ज्यांच्या घरी उत्तर तपासून देणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम एका घटनेकडे लक्ष वेधते. मार्च २०२०मध्ये करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. इतर विषयांत मिळालेल्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. त्या परिस्थितीत मंडळापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करायला हवे. पण मला आश्चर्य वाटते ते आपल्या समाजाचे. आमच्या गावात त्या वर्षीच्या मुलांनी आनंद केला, पालकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि आपल्या मुलाला भूगोल येतो की नाही हे आता कधीच कळणार नाही, याचे वाईट कोणालाही वाटले नाही. मराठी, गणित, विज्ञान यांच्या गुणांवरून भूगोलाचे गुण काढता येतात, हे आपण किती सहज स्वीकारले! याचा अर्थ एवढाच की भूगोल हा स्वतंत्र विचार करण्याचा विषय आहे, असे आपण मनातून कधी मानलेच नव्हते. तो पाठांतराचा विषय. आणि पाठांतर जसे इतर विषयांत, तसेच याही विषयात, अशी आपली समजूत.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचे प्रश्नपत्रिकाच सांगते. दहावीला भूगोलाची प्रश्नपत्रिका चाळीस गुणांची, वेळ दोन तास. तीत रिकाम्या जागा, जोड्या आणि एका वाक्यातील उत्तरे असतात, हे खरे. परंतु मोठा वाटा असतो तो ‘भौगोलिक कारणे लिहा’, नकाशा भरणे, नकाशाचे वाचन, आलेख काढणे किंवा वाचणे आणि ‘सविस्तर उत्तरे लिहा’ यांचा. यातील एकही प्रश्न निव्वळ ‘आठवा’ असे म्हणत नाही. ‘कारण द्या’ म्हणतो, ‘दाखवा’ म्हणतो, ‘वाचा’ म्हणतो, ‘तुलना करा’ म्हणतो. आणि आपण या सगळ्यांना एकच उत्तर देतो: जे पाठ आहे ते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्नातील क्रियापद वाचावे. ‘फरक स्पष्ट करा’ असे विचारले असता मुले डावीकडे भारताची आणि उजवीकडे ब्राझीलची माहिती लिहितात. डाव्या बाजूला पावसाविषयी वाक्य, उजव्या बाजूला तापमानाविषयी. ही तुलना नव्हे. हे दोन अनोळखी माणसांना एका बाकावर बसवणे झाले. फरक लिहायचा तर मुद्दा एकच हवा: पर्जन्याचा काळ, पर्जन्याचे स्वरूप, तापमानकक्षा. त्या एका मुद्द्यावर दोन्ही देश तोलावेत. ‘टीप लिहा’ म्हटले की व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व आणि एक उदाहरण एवढे पुरते. तेथे कारणांचा फापटपसारा नको. आणि ‘भौगोलिक कारणे लिहा’ म्हटले की कारणेच हवीत, वर्णन नको. येथेच आपले सर्वांत जास्त गुण वाया जातात, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. ‘पूर्व विदर्भात तलावांची संख्या अधिक आहे’ या विधानाचे भौगोलिक कारण लिहा, असे मी ओसरीवरच्या मुलांना सांगितले. बहुतेकांचे उत्तर असे होते: “पूर्व विदर्भात पाऊस जास्त पडतो. तेथे भाताची शेती होते. भाताला पाणी लागते. म्हणून पूर्व विदर्भात तलावांची संख्या अधिक आहे.” यात एकही वाक्य खोटे नाही. तरीही उत्तर कच्चे आहे. पाऊस कोकणात याहून कितीतरी जास्त पडतो, भातही होतो. मग तेथे असे गावोगावी तलाव का नाहीत? ज्या उत्तराला असा एक साधा उलट प्रश्न पाडू शकतो, ते उत्तर अर्धेच असते.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरे उत्तर तयार केले. “पूर्व विदर्भात वार्षिक पर्जन्य हजार मिलिमीटरहून अधिक असले, तरी जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. येथील खडक ग्रॅनाइट व नाइस यांसारखे प्राचीन आणि कठीण असल्याने पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. ते उताराने वाहून जाते. भूमी मंद उताराची असून मधूनमधून कमी उंचीच्या टेकड्या आहेत, त्यामुळे नाल्यावर मातीची पाळ घातली की थोड्या श्रमात मोठा जलसाठा होतो. भात हे येथील मुख्य पीक असून पावसात खंड पडल्यास व पीक निसवण्याच्या वेळी त्याला साठवलेल्या पाण्याची गरज भासते. त्यामुळे येथे तलावांची संख्या अधिक आहे. उदा., नवेगावबांध.”

दोन्ही उत्तरांत फरक काय? दुसरे थोडे लांब आहे, पण खरा फरक तो नव्हे. दुसऱ्या उत्तरात प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला हात देते. पावसाचा काळ, मग खडक, मग उतार, मग पीक. आणि या चौघांच्या एकत्र येण्याने तलाव. कोकणात पाऊस आहे, पण उतार तीव्र आहे आणि नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, हे आता आपोआप कळते. भूगोलातील कारण म्हणजे एकटे वाक्य नव्हे, ती साखळी असते. उत्तर लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे मनात ‘म्हणून काय?’ असे विचारावे. ज्या वाक्याला पुढे जाता येत नाही ते खोडावे, आणि जेथे उडी पडली आहे तेथे राहिलेली कडी घालावी. एवढी एक सवय लागली तरी तीन गुणांच्या प्रश्नात दीड गुणावर अडकणारा विद्यार्थी अडीच-तीनपर्यंत पोचेल, असा माझा अनुभव आहे.

दुसरे उदाहरण पाठ्यपुस्तकातील घेऊ. सध्याच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. त्यात एक विषय येतो, भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे कमी का? गाईडात उत्तर असते: “पूर्व किनारा संचयनाने बनला आहे, तेथे त्रिभुज प्रदेश आहेत, समुद्र उथळ आहे.” मुले हे तीन तुकडे पाठ करतात आणि परीक्षेत एक तुकडा विसरतात. पण साखळी म्हणून पाहिले तर विसरण्यासारखे काही उरतच नाही. पूर्ववाहिनी नद्या लांबचा प्रवास करून गाळ आणतात. तो किनाऱ्याशी साचून त्रिभुज प्रदेश बनतात. समुद्रतळ मंद उताराचा व उथळ राहतो. खोल पाणी किनाऱ्यापासून दूर जाते. मोठी जहाजे किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नाहीत. म्हणून नैसर्गिक बंदरे कमी.

येथे मी मुलांना आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या तालुक्यातून वाहणारी गाढवी नदी वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश बनवून बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे पहिल्या पुरात आपल्या धुऱ्यावरून जी तांबडी माती वाहून जाते, तिचा कण युगानुयुगे त्या किनाऱ्यावर साचत आला आहे. ‘पूर्व किनारा उथळ आहे’ हे वाक्य कोणा दूरच्या प्रदेशाचे राहिले नाही. त्यात आपल्या बांधीचीही माती आहे. एका मुलीने विचारले, “मग ताई, ते बंदर आपल्यामुळे अडले?” सगळे हसले. पण ते उत्तर आता ती जन्मात विसरणार नाही.

नकाशा आणि आलेख यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पुष्कळ मुले नकाशाचा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात आणि सूची देत नाहीत. सूची नसलेला नकाशा म्हणजे पाटी नसलेली एसटी. ती कोठे चालली हे बसणाऱ्याला कळत नाही. पुरवणी हाती येताच आधी सूचीचा चौकोन आखावा, मग प्रत्येक गोष्टीला वेगळे चिन्ह किंवा रंग द्यावा. आलेखात शीर्षक, प्रमाण आणि दोन्ही अक्षांची नावे ही तीन गोष्टी आधी लिहाव्यात, स्तंभ नंतर. आलेखाचे वाचन करताना तर उत्तर समोरच छापलेले असते. तरीही मुले आलेखाकडे न पाहता धड्यातले वाक्य लिहितात. आलेख काय म्हणतो तेवढेच लिहावे, आकड्यासह लिहावे.

आकडा नुसता लिहून भागत नाही, तो बोलका करावा लागतो. २०११च्या जनगणनेप्रमाणे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण भारतात ९४३ आणि महाराष्ट्रात ९२९ होते. गोंदिया जिल्ह्यात ते ९९९ होते. हे तीन आकडे शेजारी ठेवले की विचार सुरू होतो. श्रीमंत राज्यात मुलींचे प्रमाण जास्त असेल, ही समजूत टिकत नाही. आमच्या भागात रोवणीपासून तेंदूपत्त्यापर्यंत सर्व कामांत बाईचा हात आहे. याचा त्या आकड्याशी काही संबंध असेल का, असा प्रश्न निदान विचारता तरी येतो. लोकसंख्येच्या प्रकरणातील कोरडे कोष्टक मग कोरडे राहत नाही.

रेखावृत्ते आणि वेळ या भागाची मुलांना फार भीती. तीही घरच्या उदाहरणाने जाते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. अर्जुनी मोरगाव साधारण ८० अंश पूर्व रेखावृत्तावर आहे. फरक अडीच अंशांचा. एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे आपली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा दहा मिनिटे मागे. मुंबई ७३ अंशांच्या जवळपास आहे, म्हणून तेथे दुपार आपल्यापेक्षा सुमारे अर्ध्या तासाने उशिरा होते. मामाचा मुंबईहून फोन येतो तेव्हा येथे दिवेलागण झालेली असते आणि तिकडे अजून ऊन असते, हे मुलांनी ऐकलेलेच होते. त्याच रीतीने पुढे गेले की ब्राझीलची वेळ, ४५ अंश पश्चिम रेखावृत्तावरची, आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे का, हे त्यांनी स्वतःच काढले. सूत्र पाठ करावे लागले नाही.

यावर काही जण आक्षेप घेतील, आणि ते आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा: परीक्षकाकडे गठ्ठे असतात, वेळ थोडा असतो, तो पुस्तकातील मुद्दे शोधतो. गावची उदाहरणे लिहिली तर गुण जातील. मी शाळेत असताना सहामाहीच्या परीक्षेत जलसिंचनाच्या उत्तरात आमच्या गावच्या बोडीचे उदाहरण दिले होते. त्यावर लाल रेघ आली आणि शेजारी शेरा आला: ‘पुस्तकात आहे तेवढेच लिहावे.’ ती रेघ मला फार दिवस बोचली. बोडी खरी होती, तिच्यातील पाणी खरे होते, त्या पाण्यावर आमचे धान पिकले होते. आणि तरी ती ‘पुस्तकात’ नव्हती.

तरीही परीक्षकाची अडचण मी समजू शकते. म्हणून माझा सल्ला असा: मुद्दे पुस्तकाचे, साखळी स्वतःची आणि उदाहरण शेवटी, एका ओळीत. आधी सर्वमान्य कारणे पुस्तकी परिभाषेत पूर्ण लिहावीत, म्हणजे गुण सुरक्षित झाले. मग ‘उदा.’ म्हणून आपल्या भागाचे नाव द्यावे. ते नाव नकाशावर सापडणारे असावे: नवेगावबांध, इटियाडोह, वैनगंगा. याने कोणाचे गुण कमी होणार नाहीत, आणि ज्या परीक्षकाला हजार सारख्या उत्तरांचा कंटाळा आला आहे, तो तेथे क्षणभर थांबेल. शिक्षकांना मात्र माझी नम्र विनंती आहे. उदाहरण बरोबर असेल तर ते पुस्तकाबाहेरचे आहे म्हणून खोडू नये. त्या एका रेघेने मूल काय शिकते? आपण जेथे राहतो ती जागा अभ्यासाच्या लायकीची नाही, हे.

दुसरा आक्षेप बरोबर उलट बाजूने येतो. काही विद्वान म्हणतात, शिक्षण गुणांसाठी नसते. उत्तरे लिहिण्याच्या युक्त्या शिकवणे म्हणजे शिक्षणाचा बाजार. हे वाक्य ऐकायला फार छान वाटते. पण ज्याच्या घरी शेती, नोकरी, ओळख असे तीन आधार आहेत, त्याला गुणांचा तिटकारा परवडतो. आमच्याकडे गुण हाच आधार आहे. पाच गुण कमी पडले तर एखाद्या मुलीचे शिक्षण थांबते आणि पुढच्या मंडईपर्यंत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तिला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ सांगणे क्रूरपणाचे आहे. शिवाय मी वर सांगितलेल्या गोष्टी युक्त्या नव्हेत. प्रश्न नीट वाचणे, कारणाला कारण जोडणे, आकड्याला विचारणे, नकाशाला सूची देणे यालाच भूगोल येणे म्हणतात. भूगोलात तरी गुण मिळवण्याची खरी वाट आणि विषय समजण्याची वाट एकच आहे.

तिसरी अडचण भाषेची. आमची मुले घरी झाडीबोली बोलतात. पऱ्हे, रोवणी, आवत्या, बांधी, धुरा, बोडी हे शब्द त्यांच्या जिभेवर असतात. पुस्तकात रोपे, पुनर्लागण, बांध, जलसाठा असे शब्द भेटतात. मुलाला वाटते, हे काहीतरी निराळे आहे, आपल्याला न येणारे आहे. वास्तविक त्याने आषाढात गुडघाभर चिखलात उभे राहून पुनर्लागण केलेली असते! म्हणून ओसरीवर आम्ही एक वही केली आहे: डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकाचा शब्द. उत्तरात पुस्तकाचा शब्द लिहायचा, पण डोळ्यांसमोर घरचा ठेवायचा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिला साहित्यात मान मिळवून दिला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, तेव्हा पक्ष्यांची, झाडांची आणि पाण्याची कितीतरी माहिती त्यांनी येथल्याच माणसांकडून घेतली आणि मराठीला दिली. एवढ्या मोठ्या माणसाला येथील ढिवर आणि शेतकरी गुरुस्थानी वाटले. मग त्यांच्याच मुलांना आपण अडाणी आहोत असे का वाटावे?

खरे पाहता हा सारा तालुका म्हणजे उघडे ठेवलेले भूगोलाचे पुस्तक आहे. नवेगावबांधच्या तलावाभोवती डोंगर आहेत. डोंगरांमधली वाट नेमकी कोठे अडवावी हे ओळखून पाळ घातलेली आहे. परंपरा या कामाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देते. समोच्च रेषांचा नकाशा हाती नसताना उतार ओळखणारे हे लोक होते. १९५१मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारी तलाव सरकारच्या ताब्यात आले. त्यांच्या देखभालीचा प्रश्न तेव्हापासून आजतागायत चर्चेत आहे. हा ‘मानव आणि पर्यावरण’ नावाचा धडा नव्हे तर दुसरे काय? गाढवीवरच्या इटियाडोह धरणाचे कालवे आपला तालुका ओलांडून भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतांपर्यंत जातात. कालव्याखालच्या बांधीत उन्हाळी धान होते आणि कालव्यावरच्या बांधीत लाखोळीवर भागवावे लागते. पिकाचे वितरण पाण्यावर कसे अवलंबून असते, हे येथे सायकलवरून दिसते. महाराष्ट्रात सारस पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आढळतो. तलाव आणि धानाची बांधी दोन्ही जवळजवळ असल्याशिवाय त्याचे जमत नाही. ‘अधिवास’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या कोणते गाईड देईल?

दूर ब्राझीलमध्येही हीच गोष्ट दिसते. त्या देशाच्या ईशान्येला पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश आहे; आपल्या पुस्तकात त्याला ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हटले आहे. १८७७ ते १८७९ या काळात तेथे भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर तेथे पाणी अडवून तलाव बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणात सुरू झाले; किशादा येथील सेद्रो नावाचा तलाव १९०६ साली पुरा झाला. म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धातही माणसाने कोरड्या महिन्यांना तेच उत्तर दिले, जे येथल्या कोहळ्यांनी त्याआधीच दिले होते. ब्राझील पाठ करायचा देश राहत नाही. तो आपल्यासारखाच पाण्याच्या काळजीत असलेला एक देश होतो.

दहावीच्या पुस्तकातील पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. आमच्या ओसरीवरची मुले त्यावरील प्रश्नांची उत्तरे घडाघडा म्हणतात. क्षेत्रभेटीची आवश्यकता, क्षेत्रभेटीचे साहित्य, क्षेत्रभेटीची प्रश्नावली, सारे तोंडपाठ. त्यातील एकही मूल वही घेऊन तलावाच्या पाळीवर गेलेले नव्हते. पोहणे पाठ करावे आणि पाण्यात कधी उतरू नये, तसला हा प्रकार. यात मुलांचा दोष नाही. सहलीला पैसे लागतात, परवानगी लागते, गाडी लागते, असे आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात एक वही, एक पेन्सिल आणि गावची बोडी एवढे पुरेसे आहे. आम्ही गेलो, तेव्हा पाळ कोठे फुगली आहे, सांडव्याचे पाणी कोणाच्या बांधीत जाते आणि बेशरम किती पसरली आहे, हे मुलांनी स्वतः लिहून आणले. एका म्हाताऱ्या आजोबांनी गाळ पूर्वी कधी आणि कसा काढीत ते सांगितले. प्रश्नावली आपोआप झाली.

शेवटी आपल्या महाविद्यालयापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली: भूगोल घेतलेल्या विद्यार्थ्यांनी दर जानेवारीत जवळच्या शाळांत जाऊन दहावीच्या मुलांची लिहिलेली उत्तरे वाचावीत. शिकवू नये, नुसती वाचावीत आणि प्रत्येक वाक्याखाली ‘म्हणून काय?’ एवढेच लिहून परत करावीत. दुसरी: राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस गावच्या तलावाचा साधा नकाशा काढावा, त्याला सूची द्यावी आणि त्याची एक प्रत शाळेला द्यावी. तिसरी: आमच्यासारखी झाडीबोली-पुस्तकी शब्दांची वही सर्वांनी मिळून वाढवावी आणि पुढील वर्षीच्या याच अंकात ती छापावी. यापैकी एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. पहिल्या सूचनेसाठी येत्या जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी स्वतः जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी लाल पेनाऐवजी पेन्सिल बरोबर आणावी.